बुद्रुक, गुडा आणि डॉट कॉम

२०२५ च्या दिवाळीनंतर आठेक दिवसांनी शेजारच्या काकू जिना चढून वर आल्या. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात पासबुक. चपला काढता काढताच म्हणाल्या, “हे बघ रे जरा. बँकेचा पत्ता बदललाय म्हणे. शेवटी कॉम नाहीच. बँक डॉट इन असं काहीतरी आलंय. मी कुठं बोट लावलेलं नाही.”

काकूंचे वय अठ्ठ्याहत्तर. माहेर परभणीकडचे. लग्न होऊन हैदराबादच्या नारायणगुड्यात आल्या त्याला पन्नासहून जास्त वर्षे झाली. नातवाने त्यांच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली आहे: “आजी, पत्त्याचं शेपूट बघायचं. शेपूट ओळखीचं नसेल तर सोडून द्यायचं.” हे पथ्य काकूंनी इमानाने पाळले, आणि आता बँकेनेच शेपूट बदलले होते.

मी निरोप नीट पाहिला. खरा होता. रिझर्व्ह बँकेने देशातल्या सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले संकेतस्थळ ‘बँक डॉट इन’ या शेपटाखाली न्यायला सांगितले होते. गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी ७ फेब्रुवारीला घोषणा केली आणि २२ एप्रिलला परिपत्रक निघाले. हे नाव वाटण्याचा अधिकार एकाच संस्थेकडे आहे आणि ती आमच्याच शहरात, मासाब टँकला आहे. रिझर्व्ह बँकेनेच १९९६ साली स्थापन केलेली, बँकांच्या तंत्रज्ञानावर संशोधन करणारी ही संस्था आहे. बँक म्हणून खात्री पटल्याशिवाय ती हे शेपूट कुणाला देत नाही. ‘डॉट कॉम’ मात्र पैसे भरले की कुणालाही मिळते. बँकेच्या नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे करून चोरही घेऊ शकतो आणि घेतोच.

काकूंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मग इतकी वर्षं जे कॉम होतं ते कसलं होतं?”

पत्त्याच्या या शेवटच्या तुकड्याला इंग्रजीत एक्स्टेंशन म्हणतात. आपल्याकडे कुणी ‘विस्तार’ करतात, कुणी नातवासारखे ‘शेपूट’ म्हणतात. मला त्यासाठी व्याकरणातला शब्द सुचतो: प्रत्यय. शब्दाच्या शेवटी लागून त्याचे नाते ठरवतो तो प्रत्यय. ‘घर’ला ‘त’ लागला की आपण आत असतो, ‘हून’ लागला की बाहेर पडलेलो. पण हाच शब्द आपण रोजच्या बोलण्यात वेगळ्या अर्थाने वापरतो. एखाद्याच्या चांगुलपणाचा प्रत्यय येतो, चांगले लेखन प्रत्ययकारी असते. संस्कृतात ‘प्रति’ आणि ‘इ’, म्हणजे जाणे, यांपासून हा शब्द झाला. एखाद्या गोष्टीकडे वळणे, तिच्यावर विसंबणे, तिची खात्री पटणे हे त्याचे अर्थ. व्याकरणकारांनी शेपटासाठी तोच शब्द घेतला आणि मराठीने दोन्ही अर्थ जिवंत ठेवले. नवी शेपटे जुन्यांना टक्कर देतील का, या प्रश्नाचा माझ्यापुरता निवाडा या एका शब्दात आहे. शेपूट पहिल्या अर्थाने प्रत्यय होते ते एका अर्जाने, एका शुल्काने. दुसऱ्या अर्थाने प्रत्यय व्हायला त्याला माणसांच्या सवयीतून जावे लागते, आणि त्याला वर्षे लागतात.

हे मला कळले ते संगणकामुळे नाही, नारायणगुडा या आमच्या वस्तीच्या नावामुळे.

तेलुगूत ‘गूडेम’ म्हणजे पाडा, लहानशी वस्ती. विशेषतः रानाकडेची, आदिवासींची. ‘गूडु’ म्हणजे घरटे. तेलुगू पाट्यांवर आमच्या वस्तीच्या नावात ‘गू’ दीर्घ असतो, मराठीत आपण तो ऱ्हस्व करून टाकला. ‘गुडी’ म्हणजे देऊळ हा तेलुगू-कन्नड शब्द जवळचाच असल्यामुळे ‘नारायणाची गुडी ते नारायणगुडा’ अशी व्युत्पत्ती पुष्कळ जण सांगतात, ऐकायला गोडही वाटते. पण तो दीर्घ ‘गू’ देवळाकडे जात नाही, घरट्याकडे जातो.

गुडा हा काही फक्त हैदराबादचा नाही. काचीगुडा, हैदरगुडा, लालागुडा, सोमाजीगुडा ही इथली नावे. पण चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात गेलात तर महाराजगुडा, मुकदमगुडा, पळसगुडा, लेंडीगुडा भेटतात. ही गावे महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही आपली म्हणतात. महाराजगुड्यात तर दोन राज्यांची हद्द एका राहत्या घरातून गेलेली आहे. तिथल्या माणसांकडे दोन्ही राज्यांची शिधापत्रिका असते आणि गावात दोन्ही राज्यांच्या योजना येतात. दोन्हीकडच्या कागदपत्रांत गावाच्या शेवटी गुडा तो गुडाच. सरकारने रेघ कुठेही मारावी, प्रत्यय रेघेच्या दोन्ही अंगांना तसाच राहिला.

आता मराठीने या तेलुगू प्रत्ययाचे काय केले पाहा. काकू ‘नारायणगुडात’ असे कधी म्हणत नाहीत. त्या म्हणतात नारायणगुड्यात, नारायणगुड्याला, नारायणगुड्याहून. वाड्यात, पाड्यात, तसेच गुड्यात. त्यांनी त्या परक्या शब्दाला सामान्यरूप दिले आणि शब्द घरचा झाला. मराठीत आलेला शब्द रुळला की नाही, हे पाहण्याची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही. टेबल इंग्रजी, पण आपण ‘टेबलावर’ म्हणतो. कागद बाहेरून आला, पण ‘कागदाला’ म्हणताना जीभ अडत नाही. ‘डॉट कॉम’ला ही कसोटी लावा. ‘डॉट कॉमवर बघ’ असेच सगळे म्हणतात, ‘डॉट कॉमावर’ कुणी म्हणत नाही. म्हणजे जगात ज्याची सत्ता निर्विवाद आहे असा हा प्रत्यय मराठीच्या घरात अजून ओसरीवरच बसलेला आहे.

नारायणगुड्यातच एक मराठी प्रत्ययही रोज डोळ्यांसमोर असतो. इथल्या केशव मेमोरियल शाळा-महाविद्यालयांतले केशव म्हणजे न्यायमूर्ती केशवराव कोरटकर. हैदराबाद संस्थानातल्या मराठी माणसांच्या सार्वजनिक जीवनातले मोठे नाव. ते १९३२ साली गेले आणि १९४० साली त्यांच्या स्मरणार्थ ही शिक्षणसंस्था सुरू झाली. कोरटकर हे आडनाव म्हणजे गाव अधिक ‘कर’. माणूस मूळचा कुठला, हे तो ‘कर’ सांगतो, पुढे माणूस कुठेही राहायला जावो. संकेतस्थळाच्या पत्त्यातही हेच असते. एखाद्या कंपनीचे यंत्र सिंगापुरात असेल, कचेरी आमच्या माधापूरला असेल, नावापुढे मात्र ‘डॉट इन’. मुक्काम बदलला तरी आडनाव तेच.

या पत्त्याला डोमेन म्हणतात, आणि हा शब्द आपल्याला वाटतो तितका परका नाही. लॅटिनमध्ये ‘डोमुस’ म्हणजे घर आणि ‘डोमिनुस’ म्हणजे घरधनी. त्यावरून धन्याच्या ताब्यातली जमीन आणि तिथून पुढे डोमेन. वैदिक संस्कृतात ‘दम’ म्हणजे घर. त्या घराचा पती तो दम्पती, आणि पुढे नवराबायको दोघे मिळून दम्पती. म्हणजे लग्नपत्रिकेवरचे दांपत्य आणि संगणकातले डोमेन हे एकाच मुळापासून फुटलेले चुलतभाऊ आहेत.

‘कॉम’ची कथा वेगळी. १९८४ च्या ऑक्टोबरात जॉन पोस्टेल आणि जॉयस रेनॉल्ड्स यांनी अमेरिकेत एक टिपण काढले. संगणकांची संख्या वाढत चालली होती आणि सगळी नावे एका यादीत ठेवणे जड जात होते. त्यांनी मोजके गट पाडले. सरकारला एक, सैन्याला एक, शिक्षणसंस्थांना एक, धंद्यातल्यांना ‘कॉम’ आणि जे कुठेच बसत नाहीत त्यांना ‘ऑर्ग’. कमर्शियल या शब्दाची पहिली तीन अक्षरे म्हणजे कॉम. पण कमर्शियल ज्या लॅटिन शब्दापासून आला त्यातला ‘कॉम’ हा मुळात उपसर्ग आहे, अर्थ ‘एकत्र’. शब्दाच्या डोक्यावर बसणारा तुकडा तोडून पत्त्याच्या शेवटी लावला आणि उपसर्गाचा प्रत्यय झाला. पहिले डॉट कॉम नाव १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स नावाच्या संगणक कंपनीने घेतले. आज अशी नावे १५ कोटींहून जास्त आहेत.

त्यातली सगळीच काही व्यापारी नाहीत. भजनी मंडळ, गावची जत्रा, कुणाच्या कविता, सगळे कॉममध्ये. अर्थ झिजला आणि प्रत्यय उरला. आपल्या गावांच्या नावांत हे शेकडो वर्षे चालू आहे. ‘पूर’ म्हणजे तटबंदीचे नगर, पण पूर लागलेल्या किती खेड्यांना तट होता? ‘आबाद’चेही तसेच. त्यात पुष्कळांना ‘आब’ म्हणजे पाणी दिसते. भाषाशास्त्रज्ञ मात्र तो शब्द जुन्या इराणी ‘पा’ या धातूकडे नेतात, अर्थ राखणे, सांभाळणे. संस्कृतातला ‘पा’ त्याचा सख्खा भाऊ. आबाद म्हणजे राखलेली, म्हणून भरभराटलेली वस्ती. मराठीत ‘आबादीआबाद’ म्हणताना हा राखणदार आपल्या ध्यानात नसतो.

नव्या शेपटांची गरज पडली ती साध्या कारणाने. चांगली नावे संपली. ही अडचण आपल्या महसूल खात्याने फार पूर्वी सोडवून ठेवली आहे. वडाच्या झाडाजवळ गाव वसले की ते वडगाव. आता महाराष्ट्रात वडाची झाडे किती! पुण्याच्या सिंहगड रस्त्यालाच वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द शेजारी शेजारी आहेत. फारसीत ‘बुजुर्ग’ म्हणजे थोर, ‘खुर्द’ म्हणजे धाकटे. बुजुर्गचे मराठी जिभेवर बुजरूक झाले आणि मग बुद्रुक. एका गावाच्या दोन वस्त्या झाल्या, मोठी ती बुद्रुक, लहान ती खुर्द. पुढे पुष्कळ ठिकाणी खुर्दाने बाळसे धरले आणि बुद्रुक मागे पडले, पण नावे कुणी बदलली नाहीत. एसटीच्या पाटीवर, सातबाऱ्यावर जागा कमी असते म्हणून लिहितात ‘वडगाव बु.’ आणि ‘वडगाव खु.’ एक अक्षर आणि एक टिंब. तलाठ्याच्या दप्तरातले ते टिंब आणि संगणकाच्या पत्त्यातले टिंब एकच काम करतात. फरक इतकाच की तलाठ्याचे टिंब अक्षरामागून येते, संगणकाचे आधी.

आमच्या शहरालाही एकेकाळी असेच शेपूट होते. काकूंच्या सासऱ्यांची पत्त्यांची एक वही आहे. निळसर शाई, कापडी पाठ. तिच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःचा पत्ता लिहिला आहे: नारायणगुडा, हैदराबाद (दक्षिण). मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा वाटले, शहराचा दक्षिण भाग असेल. तसे नव्हते. दुसरे हैदराबाद सिंधमध्ये होते. मुहम्मद कुली कुतुबशहाने १५९१ साली वसवलेले आमचे, आणि अठराव्या शतकात वसलेले ते. सिंधमधले वयाने पावणेदोनशे वर्षांनी धाकटे, पण टपालखात्याच्या एकाच थैलीत दोघांची पत्रे पडत, म्हणून दोघांनाही शेपूट लावणे भाग होते. फाळणीनंतर सिंध दुसऱ्या देशात गेले आणि कंसातले दक्षिण हळूहळू गळून पडले. नामपल्लीच्या रेल्वे स्थानकाने मात्र ते सांभाळले आहे. त्याचे नाव अजून हैदराबाद डेक्कन. ‘दक्षिण’चे प्राकृतात ‘दक्खिण’, त्याचे दक्खन आणि इंग्रजांच्या तोंडी डेक्कन. गरज संपली की पत्त्यातले शेपूट असे गळते. जगाच्या जाळ्यातली शेपटे मात्र क्वचितच गळतात, कारण तिथे गर्दी वाढतेच आहे.

त्या गर्दीवर उपाय म्हणून जगभरच्या पत्त्यांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने २०१२ साली दार सताड उघडले. कुणीही नवे शेपूट मागावे. अर्जाचे शुल्क १,८५,००० डॉलर. १,९३० अर्ज आले आणि बाराशेहून जास्त नवी शेपटे मूळ यादीत दाखल झाली. दुकानाला वेगळे, बातम्यांना वेगळे, शहरांना वेगळे, कंपन्यांना त्यांच्याच नावाचे. पुढच्या फेरीसाठी शुल्क २,२७,००० डॉलर ठरले. इतक्या पैशांत एखाद्या जिल्ह्याच्या सगळ्या वाचनालयांची कपाटे नव्या पुस्तकांनी भरतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

या शेपटांचे भवितव्य काय, याची चर्चा एकदा आमच्या गावातही झाली. आयकॅनची सत्तावन्नावी परिषद ३ ते ९ नोव्हेंबर २०१६ या दिवसांत हैदराबादच्या अधिवेशन केंद्रात भरली. ती खरे तर पोर्तो रिकोत व्हायची होती, झिकाच्या साथीमुळे इकडे आली. महिनाभर आधी, १ ऑक्टोबरला, या नावांच्या कारभारावरची अमेरिकी सरकारची देखरेख संपली होती. जगाच्या सगळ्या पत्त्यांची मूळ यादी आता कोण कशी सांभाळणार, यावर जगभरची माणसे इथे बोलत होती. आणि परिषद चालू असतानाच, ८ नोव्हेंबरच्या रात्री, पाचशे आणि हजारच्या नोटा चलनातून गेल्या. त्या रात्री काकूंनी धान्याच्या डब्यातून काढलेल्या नोटा मी पाहिल्या आहेत. कागद तोच, आकडा तोच, सहीसुद्धा तीच. मागे उभे राहणाऱ्याने शब्द काढून घेतला आणि त्यांचा प्रत्यय गेला. पत्त्याच्या शेपटाचेही असेच आहे. तीन अक्षरांत काही नसते, त्यांच्यामागे कोण उभे आहे त्यात सगळे असते.

म्हणून त्या बाराशे शेपटांतली बहुतेक बापुडवाणी राहिली याचे मला नवल वाटत नाही. कुणी कवडीमोलाने वाटली, लबाडांनी घाऊक उचलली, लोकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. जी रुजली त्यांना कुठेतरी जुना आधार होता. ‘एआय’ हे शेपूट अँग्विला नावाच्या चिमुकल्या कॅरिबियन बेटाचे. देशाचे शेपूट म्हणून ते केव्हापासून होतेच, कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली आणि बेटाचे नशीब उघडले. तुवालूच्या ‘टीव्ही’चेही तेच. आमच्याकडचे सायबराबाद असेच रुळले. १९९८ साली सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले आणि त्या बाजूला हे नाव चिकटले. ‘सायबर’ ग्रीक, मूळ अर्थ सुकाणू धरणारा, ‘आबाद’ फारसी. ग्रीक सुकाणूला फारसी राखणदार जोडला आणि नाव तोंडात बसले, कारण चारशे वर्षे या शहराच्या जिभेवर आबाद खेळतच होता. तिथल्याच ‘हायटेक सिटी’ला मात्र अजून सगळे पूर्ण इंग्रजीत हाक मारतात.

आता जे शेपूट माझ्या जिव्हाळ्याचे आहे त्याबद्दल. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीत ‘डॉट भारत’ सुरू झाले. मराठी, हिंदी, कोकणी, बोडो, डोगरी, मैथिली, नेपाळी आणि सिंधी या आठ भाषांसाठी एकच. तेलुगू आणि उर्दूला त्यांच्या लिपीतले भारत आहे. म्हणजे आमच्या गल्लीतल्या तिन्ही भाषांना आपापल्या अक्षरांत पत्ता लिहिण्याची सोय झाली. मला त्या दिवशी फार आनंद झाला होता. इंग्रजी न येणारा माणूस जगाच्या जाळ्यात स्वतःच्या दारावर स्वतःच्या लिपीत पाटी लावू शकतो, ही गोष्ट लहान नाही.

मी आमच्या छोट्या वाचक मंडळासाठी ‘डॉट भारत’वर नाव घेतले. पुढे एका ठिकाणी मंडळाची ऑनलाइन नोंदणी करताना संकेतस्थळाचा पत्ता मागितला. मी तो देवनागरीत भरला. लाल अक्षरात उत्तर आले: पत्ता अवैध. दुसऱ्यांदा भरला, तेच. मग एका तरुणाने मला आतली गंमत दाखवली. संगणकाच्या मूळ यादीत भारत ‘भारत’ म्हणून लिहिलेले नसतेच. ते ‘एक्स, एन, रेघ, रेघ, एच, टू, बी, आर, जे, नाइन, सी’ असे लिहिलेले असते. पडद्यावर देवनागरी दिसते, खाली हा रोमन सांकेतिक पत्ता धावत असतो. तो भरला आणि अर्ज बिनतक्रार गेला. भारत या शब्दाला त्या रकान्यात शिरायला वेषांतर करावे लागले, याची सल मला अजून आहे. दोष शेपटाचा नव्हता. रकाना बनवणाऱ्याच्या डोक्यात पत्ता म्हणजे रोमन अक्षरे, एवढेच होते. आपल्याकडच्या प्रत्येक अर्जाने, प्रत्येक टपालपेटीने ‘डॉट भारत’ बिनबोभाट स्वीकारले पाहिजे. त्याशिवाय त्याचा कुणाला प्रत्यय यायचा?

देवनागरीत आणखी शेपटे आहेत. ‘डॉट कॉम’ आणि ‘डॉट नेट’ देवनागरी अक्षरांत मिळतात आणि ‘ऑर्ग’च्या जोडीला ‘डॉट संगठन’ आहे. या शेवटच्यापाशी मराठी माणूस हमखास अडखळणार. आपण ‘संघटना’ म्हणतो. संस्कृतात ‘घट्’ धातूवरून ‘संघटन’. हिंदीने त्याला ‘संगठन’ केले, गाठ मारल्यासारखे. मराठी बोट घ, ट, न टंकणार आणि पत्ता सापडणार नाही. अक्षरे देवनागरी असली म्हणजे भाषा मराठी झाली असे नव्हे, हे शेपूट बेतणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही. ‘भारत’ या शब्दात मात्र आठही भाषांची वेलांटीही वेगळी नाही, म्हणून मला त्याच्याबद्दल आशा आहे. ‘डॉट भारतावर बघ’ असे कुणी सहज बोलून जाईल, ते मला ऐकायचे आहे.

आता काकूंच्या बँकेकडे. ‘बँक डॉट इन’ हे खरे पाहता नवे शेपूट नाहीच. ‘इन’ १९८९ पासून भारताचे आहे, २००५ पासून ते सर्वांना मोकळे झाले. त्याच्या अलीकडे ‘बँक’ हा तुकडा राखून ठेवला, एवढेच. संगणक पत्ता उजवीकडून वाचतो, पोस्टमन पाकिटावरची शेवटची ओळ आधी वाचतो तसा. आधी देश, मग बँका, मग आपली बँक. प्रत्ययावर प्रत्यय चढवण्याची ही रीत आपल्याकडे हजार वर्षांहून जुनी आहे. लातूरचे जुने नाव लट्टलूर. त्यातला ‘ऊर’ म्हणजे द्राविडी भाषांत गाव. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. गाव सांगणारा ऊर आधीच होता, त्यावर ‘पुर’ चढवला. ऊर गेला नाही, पुराला वाट दिली; पुढे पूर गळला आणि ऊर उरला. लातूरकडे जाणाऱ्या गाडीच्या पाटीवर तो अजून आहे.

बँकेचे तर मूळच बैठकीत आहे. इटलीत सराफ बाजारात बाक मांडून बसत, तो ‘बांको’. आपली पेढीही पीठ, पीठिका यांच्या कुळातली, म्हणजे बसण्याची जागा. दोन वेगळ्या देशांत लोकांनी पैशाच्या व्यवहाराला एकाच गोष्टीवरून नाव दिले: रोज त्याच जागी बसलेला दिसणारा माणूस. आज इथे, उद्या तिथे बाक टाकणाऱ्याकडे कुणी ठेव ठेवत नसे. मासाब टँकच्या संस्थेने नेमके हेच हेरले. आणि ती जागाही पाहा. माँसाहेबांचा तलाव म्हणून मासाब टँक. टँक हा शब्द इंग्रजीत गेला तो आपल्याकडच्या ‘टाक्या’वरून, असे जुने कोशकार सांगतात. तिथला तलाव केव्हाच बुजला. पाणी गेले, पण रिक्षावाल्याला मासाब टँक म्हटले की तो पुन्हा विचारत नाही.

काकूंच्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी असे दिले, “काकू, कॉम खोटं नव्हतं. ती मोकळी पेठ होती, कुणीही गाळा घ्यावा. आता बँकांनी वेगळी आळी केलीय आणि तिच्या तोंडाशी रखवालदार बसवलाय.”

“रखवालदार आपल्या गावचा आहे म्हणतोस?”

“मासाब टँकचा.”

काकूंनी मान डोलावली. मग मोबाइल बाजूला ठेवून त्यांनी पिशवीतून सासऱ्यांची ती पत्त्यांची वही काढली. शेवटची काही पाने अजून कोरी आहेत. चष्मा पुसला, माझ्याकडून पेन घेतले आणि म्हणाल्या, “सांग सावकाश. टिंब कुठं कुठं द्यायचं तेही सांग.” मी एकेक अक्षर सांगत गेलो. त्यांनी ते देवनागरीतच लिहिले, ‘बँक’वर चंद्रबिंदू ठसठशीत दिला, दोन्ही टिंबे गोल गिरवली आणि शेवटी ‘इन’. शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.